दिवस हाय तवर

कात्री एप्रनला पुसून खिशात, डोक्यावरची जाळीची टोपी काढून कमरेला, आणि मग भिंतीला टेकवलेली घुंगराची काठी उचलून फरशीवर एक दणका. छन्न!

"चला गं, दिवस हाय तवर!"

आमच्या पॅकहाऊसला भोंगा नव्हता, घंटा नव्हती. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते मॅनेजर साहेबांच्या सोयीनं बघायचं असे. सुटायची वेळ झाली हे सांगणारी वस्तू एकच, आक्काची काठी. तिचं खरं नाव हजेरीत होतं, पण ते कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. मीही इथं उच्चारणार नाही.

तुम्ही द्राक्षाचं पॅकहाऊस आतून पाहिलंय का? नसेल तर बरंच आहे, नाहीतर द्राक्ष घशाखाली उतरायचं नाही. आमचं जुन्नरच्या बाहेर होतं, नारायणगावच्या रस्त्याला. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंनी बाया उभ्या. घड उचलायचा, खराब मणी कात्रीनं काढायचे, डबीत भरायचा, पुढं सरकवायचा. बसायचं नाही. द्राक्षाला घाम येऊ नये म्हणून आत असा गारवा की दुपारपर्यंत बायांची बोटं बधिर. द्राक्ष हळू उचला, द्राक्ष आदळू नका, द्राक्षाला उन्हात ठेवू नका. एवढे लाड माहेरी आलेल्या लेकीचेही कुणी करत नाही. आणि बायांच्या संडासाला कडी नव्हती. टाकाऊ द्राक्षांनी भरलेला क्रेट आतून दाराला लावायचा आणि बसायचं. आंबलेल्या द्राक्षांचा वास, तोंडावर चिलटं आणि एक हात दारावर.

परदेशी गिऱ्हाइकाचा तपासणीवाला यायचा असला की त्या दिवशी मात्र कडी बसायची. साबण यायचा, पांढरा टॉवेल यायचा, आरशालासुद्धा जागा मिळायची. तपासणीवाल्याची गाडी फाटकाबाहेर पडली की साबण साहेबांच्या खोलीत परत. अशा एका दिवशी आक्कानं लाईनवरच्या सगळ्या बाया रांगेनं संडासाकडे नेल्या. "धुवा गं हात, आज दिवाळी हाय. उद्या ह्यो साबण सपनात बी दिसायचा न्हाई." तपासणीवाला तिथंच उभा होता. त्यानं विचारलं, ह्या काय म्हणतात? साहेब हसून म्हणाले, "शी इज व्हेरी हॅपी." त्या हसण्यानं माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

मी तिथं कोपऱ्यातल्या टेबलावर कागद करायची. कुठल्या बागेचा माल, कुठल्या क्रेटमध्ये, कुठल्या कंटेनरमध्ये. आक्का मला कागदवाली म्हणायची. "ए कागदवाले, लिव्हून ठेव, आज बी वर बघून थुकलाय सायेब." साहेब खरंच वर बघून गुळणी करायचे. हात धुवायच्या बेसिनमध्ये, बाया डबे धुवायच्या त्याच बेसिनमध्ये.

आक्का निमगाव सावाकडची, धनगराच्या घरातली. घरची थोडी शेती, ती नवरा बघायचा. दिराकडे मात्र अजून मेंढरं होती. ही काठी त्या घरातलीच. तिला घुंगरं आक्कानं नंतर बांधली, बिबट्यासाठी. आमच्या भागात ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. पुण्याची माणसं कौतुकानं विचारतात, "तुमच्याकडे दिसतो का हो?" जणू मोर आहे! अहो, दिसला की संपलं. कंपनीची गाडी बायांना फाट्यावर सोडायची. तिथून पुढं वस्तीपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधून पायवाट. कुणी मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावायचं, कुणी थाळी वाजवायचं. आक्का काठी आपटत पुढं. म्हणायची, "त्याला कळाया पायजे, बाई चालली हाय, करडू न्हाई."

म्हणून साडेपाच. कागदावर सुटायची वेळ साडेपाचच होती, आक्कानं काही जगावेगळं मागितलेलं नव्हतं. साडेपाचला गाडी सुटली तर बाई उजेडात घरी. तासभर उशीर झाला तर अंधारात उसातून. एवढाच हिशेब, शेंबड्या पोरालाही कळेल असा. पण साहेबांना कळत नव्हता. त्यांना संध्याकाळी उत्साह यायचा. दिवसभर एसीत बसून मोबाईल बघणारा माणूस, पाच वाजले की बाह्या सरसावून बाहेर यायचा आणि म्हणायचा, "आज जरा ॲडजस्ट करू या. आपण सगळे एक फॅमिली आहोत."

फॅमिली! हा शब्द ऐकला की मला आजही शिसारी येते. तुम्हीही पाहिला असेल असा साहेब, प्रत्येक कचेरीत एक असतो. काम वाढवायचं असलं की फॅमिली, संडासाची कडी मागितली की "बजेट बघावं लागेल". आणि पुरुष गडी? त्यांच्या मोटारसायकली फाटकात उभ्या. ते थांबायचे, भेळ खायचे, बायांनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर शेंगांची टरफलं टाकायचे, आणि साहेबांच्या दृष्टीनं तेच कामसू ठरायचे. बाई घराकडे बघते म्हणून तिचं कामात लक्ष नाही, आणि गडी घराकडे ढुंकून बघत नाही म्हणून तो निष्ठावान. वा रे न्याय!

आक्का ऐकायची नाही. काठी आपटायची. कधी साहेब गाडीच्या ड्रायव्हरला थांबवून ठेवायचे, मग उशीर व्हायचाच. पण काठी आपटली नाही असं कधी झालं नाही. मी एकदा तिला म्हटलं, "आक्का, चपळ बायांचं काम उरकलेलं असतं, त्यांना पुढं जाऊ दे की. रखडतात त्या रखडू देत."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पेन खाली ठेवलं. "तुला वाडा म्हाईत हाय का, मेंढरांचा कळप? वाडा चालतो तवा फुडच्या मेंढीकडं बघून चालत न्हाई. मागल्या मेंढीच्या पायानं चालतो. लंगडी असंल, गाभण असंल, तिच्या पायानं. फुडचीला बघून हाकला, तर मागं लांडगा जेवतो."

आता तुम्हाला वाटेल, फार थोर बाई असणार. काही नाही. अत्यंत तोंडाळ. मिश्रीनं दात काळे, आवाज असा की कंटेनरचा ड्रायव्हर बाहेर दचकायचा. एखादी रेंगाळली तर पाठीत धपाटा. माझी छत्री नेली ती परत दिली नाही. विचारलं तर म्हणे, "तुझी व्हय? मला वाटलं, देवानं दिली." नव्या बाईची खोड काढल्याशिवाय तिचा दिवस सरायचा नाही. सुनंदा नावाची एक पोरसवदा बाळंतीण बाई लाईनवर आली, तर पहिल्याच दिवशी आक्का तिला म्हणाली, "कात्री धरलीस का पोपटाची चोच?" सुनंदा रडली. दुपारी मात्र आक्कानं आपल्या डब्यातली मेथीची भाजी तिच्या पुढ्यात सरकवली आणि तिच्या वाटणीचे घड स्वतः कापले, म्हणजे तिला जरा भिंतीला टेकून बसता यावं. साहेब आले तशी म्हणाली, "ती न्हाई बसली, मीच बसवली. दोघींचं काम मी करते, मोजून घ्या." वर आणखी, मोजताना चुकलात तर कागदवालीला इचारा.

तिच्या नवऱ्याचा किस्सा सांगायलाच हवा. एकदा आक्का डबा विसरली, तर तो सायकलवरून फाट्यापर्यंत आणि पुढं एसटीनं डबा घेऊन आला. उंच, अबोल, डोक्याला पागोटं. फाटकातले गडी टपलेलेच. एक म्हणाला, "काय पावणं, भाकरी तुमीच थापता म्हनं?" तो शांतपणे म्हणाला, "थापतो की. जरा वाकडी व्हती, पर पोटात सरळच जाती." गडी हसले ते हसले, नंतर आठवडाभर त्याला बायकोचा बैल म्हणत राहिले. आक्काच्या कानावर गेलं. ती त्यांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. "माझा नवरा भाकरी करतो, म्हणून मी हितं उभी हाय. तुमच्या बायका भाकरी करत्यात, म्हणून तुमी हितं उभे हाय. मंग त्या कुणाचे बैल?" गडी टरफलं झटकत मोटारसायकलींकडे पांगले. मला ती वाकडी भाकरी चाखायला मिळाली होती. खरंच वाकडी होती, एका बाजूला करपलेली, आणि तिच्याबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा.

सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा ती आक्कालाच मिळणार हे सगळे धरूनच चालले होते. लाईन आक्काच चालवायची. कुणाला कुठं उभं करायचं, कुठला माल आधी घ्यायचा, बिघडलेला घड कुणाच्या हातून सुटला, सगळं तिच्याकडे. जागा मिळाली ती तिच्याच हाताखाली कात्री धरायला शिकलेल्या एका पोरगेल्या गड्याला. प्रवीण त्याचं नाव. वाईट नव्हता बिचारा, फक्त रात्री उशिरापर्यंत थांबायचा आणि साहेबांच्या विनोदांना हसायचा.

आक्का साहेबांच्या खोलीत गेली. मी कागद घेऊन आतच उभी होते. साहेब हाताला सॅनिटायझर चोळत होते. आक्का कधीही आत आली की चोळायचे. ही गोष्ट मी विसरायची म्हटलं तरी विसरू शकत नाही.

"मावशी, तुमचं काम चांगलंच आहे. पण ह्या पोस्टला वेळ द्यावा लागतो."

"देते की येळ. उजेडातला समदा देते. अंधारातला माझ्याकडं न्हाई, त्यो बिबट्याचा हाय."

"हे बघा, प्रवीण थांबतो. तुम्हाला घर आहे."

"त्याला बी घर हाय. त्याची आई वाट बघती."

साहेब हसले. "तुमच्यासाठी काहीतरी करू आपण. महिला दिन जवळ आलाय."

आक्का बाहेर आली तेव्हा मला वाटलं आता शिव्यांचा पट्टा सुटणार. तिनं टोपी नीट केली, टेबलाशी उभी राहिली आणि घड उचलला. मणी कापता कापता म्हणाली, "कागदवाले, मला खुर्ची नगं व्हती गं. सुपरवायझर झाले असते तर गाडी माझ्या हातात असती. साडेपाचला ड्रायव्हरला मीच म्हटलं असतं, लाव गाडी." तिला ती जागा कशासाठी हवी होती ते तेव्हा मला नीट कळलं.

तर महिला दिन. द्राक्षाच्या ऐन हंगामात येतो तो. साहेबांनी ठरवलं, जंगी करायचा. सगळ्या बायांना एकसारख्या गुलाबी साड्या. सकाळी नेसून या, वर एप्रन घाला, रांगोळ्या तुम्हीच काढा, सजावट तुम्हीच करा, आणि माल तेवढाच निघाला पाहिजे. पाहुणे कुणीतरी पुढारी. आणि आक्काला पुरस्कार, आदर्श महिला कर्मचारी. बॅनरवर लिहिलेलं मी स्वतः वाचलं: घर आणि काम यांचा सुंदर समतोल साधणाऱ्या रणरागिणीचा सन्मान. कार्यक्रमाची वेळ? संध्याकाळी सहा.

मी बॅनरकडे बघत उभी राहिले. समतोलाचा सत्कार, आणि तो सुटायच्या वेळेनंतर! असा मूर्खपणा ठरवूनसुद्धा कुणाला जमणार नाही. आक्का साहेबांना म्हणाली, "सायेब, जेवणाच्या सुट्टीत उरका की. आमी बी टाळ्या वाजवू, पोटभर." साहेब म्हणाले, दुपारी कंटेनर भरायचाय, आणि पाहुण्यांना सहाच सोयीचे आहेत. म्हणजे महिला दिनाला सगळ्यांची सोय बघितली होती, महिलांची सोडून.

त्या दिवशी साडेपाचला काठी वाजली नाही. बाया हात धुऊन खुर्च्यांवर बसल्या. आक्कानं सुनंदाकडे बघून सांगितलं, "थांबू जरा. एवढ्या हौसेनं केलंय." तीही थांबायला तयार होती, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण नंतर तिला आडमुठी म्हणणारे पुष्कळ निघाले. सहा झाले. पाहुणे आले नाहीत. सूर्य डोंगराकडे कलला. साहेबांनी माईक हातात घेऊन स्त्रीशक्तीवर बोलायला सुरुवात केली. स्त्री माता आहे, स्त्री देवी आहे, स्त्री सहनशील आहे. सहनशीलवर तीनदा आले.

सुनंदा पहिल्या रांगेत होती. तिचं बाळ घरी सासूजवळ, अंगावर पिणारं. सकाळपासून पाजलेलं नव्हतं. तिच्या ब्लाऊजला पान्ह्याचे ओले डाग पडले, बघता बघता पदर भिजला. तिनं हात छातीशी घट्ट धरले आणि मान खाली घातली. फोटोवाला तिच्यापुढं येऊन म्हणाला, "ताई, हात खाली घ्या ना, साडी दिसू द्या." मागं गड्यांमध्ये कुणीतरी खुसखुसलं. साहेबांनी माईकवरूनच सांगितलं, "स्माईल प्लीज!" आणि पुन्हा स्त्री माता आहे म्हणाले. त्या क्षणी मला जी किळस आली ती मी आजवर कशातही धुऊन काढू शकलेले नाही. दोघांच्याही समोर आई बसली होती, आणि दोघांना दिसत होती ती फक्त साडी.

छन्न!

आक्का उठली होती. "चला गं, दिवस हाय तवर."

साहेब माईकवरूनच म्हणाले, "मावशी, बसा, तुमचाच तर सत्कार आहे!"

"राहू द्या तो हितंच. येतो म्हणला तर पाठवून द्या घरी."

बाया उठल्या. खुर्च्यांचा खडखडाट झाला. ड्रायव्हरला साहेबांनी डोळ्यानं खुणावलं, गाडी काढायची नाही. फाटकाला कुलूप. वॉचमन कसनुसा होऊन म्हणाला, "आक्का, सायबांचा हुकूम हाय." आक्कानं काठी खाली टेकवली. "उघडतोस, का हितंच वाडा बसवू? रातभर लेंड्या काढायला तूच लागशील." त्यानं हसू दाबत कुलूप काढलं.

आणि मग जे दृश्य झालं ते नारायणगावच्या रस्त्यानं कधी पाहिलं नसेल. एकसारख्या गुलाबी साड्यांतल्या बाया, पायांत चपला, हातात डबे, मोबाईलवर चार-पाच वेगवेगळी गाणी, पुढं घुंगरांचा दणका. मी स्कूटी ढकलत शेजारून. लोक गाड्या थांबवून विचारत, "कुणाचं वऱ्हाड?" आक्का म्हणायची, "नवरदेव पळालाय, त्याला हुडकाया चाललोय!" बाया हसून हसून वाकल्या. सुनंदासुद्धा हसली, पदर छातीशी धरून. सगळ्यात मागं ती चालत होती आणि आक्का, नेहमी पुढं असणारी, हळूहळू मागं येऊन तिच्याजवळ चालायला लागली. थोड्या वेळानं एक एसटी आली. बिनथांब्याची जागा, तरी ड्रायव्हरनं गाडी उभी केली. "राव, एवढ्या बायांना सोडून गेलो तर घरी भाकरी मिळायची न्हाई मला," तो म्हणाला. बाया चढल्या. बस फाट्यावर पोचली तेव्हा आभाळ अजून तांबडं होतं, सगळ्या उरल्यासुरल्या उजेडात घरी गेल्या, असं सुनंदानं मला फोन करून सांगितलं.

तिकडे पॅकहाऊसवर पाहुणे आले. साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांवर गडी बसवले. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला, महिला दिन उत्साहात साजरा. फोटोत एकही बाई नाही. मधोमध प्रवीण, अंगावर शाल, हातात नारळ, आदर्श महिला कर्मचाऱ्याच्या वतीनं. त्याचाही चेहरा ओशाळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी एकेक बाईला आत बोलावलं. प्रश्न एकच, कुणाच्या सांगण्यावरून उठलात? उत्तर आधीच ठरवलेलं. बऱ्याच जणींनी दिलं. सुनंदानंही दिलं. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझ्या पायांनी गेले. मला काढलं नाही, कारण कंटेनरचे कागद दुसऱ्या कुणाला जमत नव्हते. त्यात माझी बहादुरी काही नाही.

आक्काला शेवटी बोलावलं. खोलीचं दार उघडंच होतं. साहेब ओरडत होते, "ही काय मेंढरं आहेत का, काठी आपटली की निघाली?"

आक्का म्हणाली, "मेंढरं असती तर येळंवर सोडली असती तुमी, सायेब. मेंढराला किंमत असती."

उद्यापासून येऊ नका, हंगाम तसाही महिन्याभरानं संपतोय, असं तिला सांगितलं गेलं. ती बाहेर आली, कात्री माझ्या टेबलावर ठेवली. मला राग आवरेना. म्हटलं, "आक्का, त्या सुनंदासाठी उठलीस, आणि तिनंच तुझं नाव सांगितलं. लाज वाटायला हवी तिला."

"गप," ती म्हणाली. असा आवाज तिनं माझ्यावर कधी चढवला नव्हता. "दूधपितं लेकरू हाय तिला. माझं नाव न्हाई घ्यायचं तर कुणाचं घ्यायचं? मीच तिला सांगितलं व्हतं, घे म्हणून." मग काठी उचलली, आणि पहिल्यांदाच न आपटता, घुंगरं मुठीत धरून बाहेर गेली. सुनंदा टेबलाशी उभी होती. ती घड कापत राहिली, पण तिला समोरचं दिसत नव्हतं, चांगले मणीसुद्धा कापून टाकत होती.

पुढचं ऐकून तुम्ही हसाल. हसा, मी थुंकले. पुढच्या हंगामात एका सकाळी पॅकहाऊसच्या आवारातल्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. आदल्या संध्याकाळी साहेब फोनवर बोलत खोलीत बसले होते, तेव्हा बाहेर त्यांच्या मोटारीच्या टपावर तो निवांत पंजे चाटत बसला होता. साहेबांनी ती चित्रफीत एकदाच बघितली. त्या दिवशी पाच वाजल्यापासून त्यांची चुळबुळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, साडेपाचला काम बंद, कुणीही थांबायचं नाही. एवढ्या बाया इतके दिवस जीव मुठीत धरून उसातून जात होत्या तेव्हा जे सुचलं नाही, ते एका मोटारीच्या टपावर सुचलं. फाटकाजवळ मोठा फलक लागला: आमच्या कंपनीत घर आणि काम दोन्हींचा सन्मान. खाली साहेबांचा हसरा फोटो. आणि त्या महिला दिनाला, भर दुपारी, प्रत्येक बाईला भेट मिळाली. घुंगराची काठी, वर कंपनीचं नाव. घुंगरं पत्र्याची होती, आपटली तर खुळखुळ्यासारखी वाजायची. कल्पना कुणाची, असं पाहुण्यांनी विचारल्यावर साहेब लाजून म्हणाले, "माझीच." मी उठून बाहेर गेले आणि कडी नसलेल्या त्या संडासात क्रेट लावून खरंच ओकले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सुटून स्कूटीवरून घरी निघाले होते. साहेब माझ्यापुढं, काचा वर केलेल्या मोटारीत, अंधार पडायच्या आत घर गाठायच्या घाईत. एका वळणावर सगळ्या गाड्या थांबल्या. मेंढरं रस्ता भरून चालली होती. कापणी झालेल्या कुणाच्या तरी वावरात बसायला निघाली असावीत. पुढं घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, पातेली. साहेबांनी हॉर्न दाबला तो सोडेनात. मेंढरं बिचकून बाजूला होत गेली आणि रस्ता मोकळा झाला, फक्त मधोमध एक लंगडी मेंढी उरली, आणि तिच्यामागं पाठमोरी आक्का. पदर खोचलेला, हातात तीच काठी.

हॉर्न वाजत होता. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिला ती मोटार ओळखू आली का, मला ठाऊक नाही. लंगडी मेंढी तीन पायांवर सावकाश पावलं टाकत होती, आणि आक्का तिच्या पायानं चालत होती, आणि तिच्यामागं साहेबांची मोटार त्याच पायानं. मी मोठ्यानं हाक मारणार होते, पण हॉर्नच्या आवाजात ती ऐकू गेली नसती. ऊन अजून डोंगरावर होतं.

तिनं काठी रस्त्यावर आपटली. छन्न! इतक्या गोंगाटातही ती मला नीट ऐकू आली.

"चल गं बाई," ती तिच्या त्याच दणकट आवाजात मेंढीला म्हणाली, "दिवस हाय अजून."